परक्या हातचे कुलूप

दाराला भक्कम कुलूप लावून मनुष्य निश्चिंत होतो. परंतु कुलूप घडवणाऱ्याने त्याची दुसरी किल्ली गुपचूप स्वतःपाशी ठेवली असेल, तर त्या निश्चिंततेला काय अर्थ? जे घराचे, तेच राष्ट्राचे.

राज्यकारभारातील गुप्त संदेश सांकेतिक भाषेत पाठवण्याची प्रथा फार जुनी आहे. विसाव्या शतकात हे काम यंत्रे करू लागली. अशी यंत्रे बनवणारी ‘क्रिप्टो एजी’ ही विख्यात कंपनी स्वित्झर्लंडमध्ये होती. बोरिस हागेलिन हे तिचे संस्थापक. स्वित्झर्लंड पडले तटस्थ राष्ट्र. तेथील मालाविषयी शंका कोण घेणार? शंभराहून अधिक देशांनी ही यंत्रे घेतली. त्यांत भारत होता आणि पाकिस्तानही होता.

वस्तुस्थिती मात्र निराळी होती. १९७० साली अमेरिकेच्या ‘सीआयए’ व पश्चिम जर्मनीच्या ‘बीएनडी’ या हेरसंस्थांनी ही कंपनी गुप्तपणे विकत घेतली होती. अनेक यंत्रांची रचना मुद्दाम अशी कच्ची ठेवली जाई, की त्यांतून गेलेले संदेश या संस्थांना उलगडता यावेत. १९८२ सालच्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाच्या हालचालींची माहिती याच वाटेने ब्रिटनला मिळाली. आपलीच गुपिते फोडणाऱ्या यंत्रांसाठी हे देश वर्षानुवर्षे पैसे मोजत होते! हा प्रकार २०२० साली वृत्तमाध्यमांनी उघडकीस आणला.

परावलंबनाचा धोका केवळ कपटातूनच उद्भवतो असे नाही. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या अमेरिकन कंपनीने संगणकांच्या रक्षणासाठी पाठवलेल्या एका सुधारणेत दोष राहिला आणि जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. चूक एका ठिकाणी झाली. खोळंबा साऱ्या जगाचा झाला.

म्हणून परदेशी वस्तू सर्वस्वी त्याज्य मानावी काय? तसे नव्हे. कोणताही देश सर्व काही स्वतः निर्माण करू शकत नाही. आणि स्वदेशी वस्तूही परीक्षेवाचून स्वीकारणे शहाणपणाचे नाही. परंतु विकत घेतलेले कुलूप उघडून त्याची घडण तपासू शकतील, असे जाणकार देशात असलेच पाहिजेत. ती विद्या विकत मिळत नाही. ती अभ्यासाने मिळवावी लागते.

स्वाध्याय
१. क्रिप्टो एजीच्या यंत्रांवर अनेक देशांनी विश्वास का ठेवला?
२. पाठातील दोन घटनांमध्ये कोणता फरक आहे?