रिकामी जागा आणि नागरिकांचा हक्क

वसतिगृहाच्या अभ्यासिकेतील दिवा असो वा जिंतूर-पाथरीच्या शिवारातील कृषिपंप, त्यांच्या विजेचा दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो. ऑगस्ट १९९९ मध्ये स्थापन झालेला हा आयोग आज विद्युत अधिनियम, २००३ नुसार काम करतो. अध्यक्ष धरून त्यात जास्तीत जास्त तीन सदस्य असतात. म्हणून तेथील एक जागा रिकामी राहणे ही लहान गोष्ट नव्हे.

जागा भरण्याची रीत कलम ८५ मध्ये सांगितली आहे. निवड समितीचे अध्यक्षपद उच्च न्यायालयाचे न्यायाधीश राहिलेल्या व्यक्तीकडे असते. राज्याचे मुख्य सचिव, तसेच केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे किंवा केंद्रीय आयोगाचे अध्यक्ष हे तिचे सदस्य असतात. मृत्यू, राजीनामा वा पदच्युतीमुळे जागा रिकामी झाल्यास शासनाने एका महिन्यात आणि मुदत संपणार असल्यास सहा महिने आधी समितीकडे प्रकरण पाठवावे लागते. समितीने तीन महिन्यांत निवड पूर्ण करून प्रत्येक जागेसाठी दोन नावे सुचवावयाची असतात.

सदस्याची मुदत पाच वर्षांची आणि वयोमर्यादा ६५ वर्षांची. म्हणजे निवृत्तीचा दिवस नेमणुकीच्या दिवशीच ठाऊक असतो. सहा महिन्यांतून समितीचे तीन महिने वजा केले, तरी शासनाच्या हाती तीन महिने उरतात. नियम पाळला, तर अशी जागा एक दिवसही रिकामी राहण्याचे कारण नाही.

नियम न पाळल्यास काय? कलम ९३ प्रमाणे केवळ जागा रिकामी असल्याने आयोगाचा निर्णय अवैध ठरत नाही. कामकाज थांबू नये, हा हेतू योग्यच आहे. परंतु त्यामुळे विलंबाची झळ नेमणूक करणाऱ्यांना लागत नाही. ती ग्राहकांना लागते. त्यांच्या हरकती ऐकणारा एक जाणकार कमी होतो. कायद्याचा जाणकार सदस्य आयोगात असलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१८ रोजी गुजरातच्या प्रकरणात स्पष्ट केले.

हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. विनयपिटकानुसार उपसंपदेसाठी दहा भिक्खूंची गणसंख्या लागे. सीमावर्ती प्रदेशात भिक्खू थोडे, म्हणून तेथे ती पाचावर आणली. मात्र त्या पाचांत एक विनयधर आवश्यक ठरविला. संख्या शिथिल झाली, ज्ञानाची अट नाही. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून देशाच्या वीजधोरणाची पायाभरणी करणाऱ्या बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत भिक्खुसंघाच्या गणसंख्या व मतमोजणीच्या नियमांचा आवर्जून दाखला दिला होता.

या सदस्यत्वासाठी अभियांत्रिकी, वित्त, वाणिज्य, अर्थशास्त्र, विधी किंवा व्यवस्थापन यांतील ज्ञान व अनुभव लागतो. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलामुलींनी तेथवर मजल मारावी, ही अपेक्षा आहेच. तोवर प्रत्येक नागरिकाच्या हाती माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांच्या अर्जात दोनच प्रश्न विचारावेत : कोणत्या सदस्याची मुदत केव्हा संपते, आणि निवड समितीकडे प्रकरण कोणत्या तारखेस पाठविले? उत्तर तीस दिवसांत देणे बंधनकारक आहे. तारीख विचारणारा नागरिक असेल, तरच तारखेचा नियम जिवंत राहतो.