मोटर फाटक ढकलते, कुलूप लावत नाही

मलिहाबादच्या वाटेवर आमची लहानशी आमराई आहे. राहायला आम्ही लखनौ शहरात. जानेवारीतल्या दाट धुक्याच्या एका रात्री तिथून बोअरच्या पंपाची तांब्याची केबल, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आणि आंब्यांसाठीचे रिकामे क्रेट चोरीला गेले. सकाळी राखणदार चाचा आले तेव्हा रिमोटवर चालणारं सरकतं फाटक नेहमीसारखं बंद होतं, त्यावर साधा ओरखडाही नव्हता. त्यामुळे संशय गेला तो थेट चाचांवर. फाटक शाबूत आहे, म्हणजे आतलंच कुणीतरी फितूर असणार, असं जो तो म्हणू लागला. त्या म्हाताऱ्या माणसाला अर्धा दिवस चौकीत बसावं लागलं. गेलेल्या मालापेक्षा मला याचंच जास्त वाईट वाटतं.

चोर कसे शिरले ते मोटरीच्या डब्यापाशी कळलं. वीज गेल्यावर फाटक हाताने सरकवता यावं म्हणून अशा मोटरींना एक खटका असतो आणि एका मॉडेलच्या अनेक मोटरींना त्याची किल्ली बऱ्याचदा एकच असते. आमचा डबा फाटकाला इतका लागून होता की गजांतून घातलेला हात तिथवर पोचत होता. झाकण अर्धवट, खटका फिरवलेला, दातेरी पट्टीवरच्या ग्रीसमध्ये बोटं उमटलेली. माल भरल्यावर त्यांनी फाटक शांतपणे पुन्हा लोटून घेतलं होतं.

म्हणून रात्री आतून जाड कडी आणि वेगळं कुलूप हवंच. खटक्यावर पोलादी पेटी बसवून घ्या आणि त्या बाजूच्या गजांना जाळी मारा. रुळाच्या दोन्ही टोकांना पक्के अडसर नसतील तर सरकतं फाटक रुळावरून उतरवता येतं. दोन पाखांचं फाटक असेल तर वरची बिजागरी उलटी बसवायला सांगा, म्हणजे पाखं उचलून काढता येणार नाहीत. बाहेरच्या कीपॅडमागे नुसत्या बटणांच्या तारा असाव्यात. फाटक उघडणारा रिले आतच हवा.

रिमोट घेताना ‘रोलिंग कोड’चा, म्हणजे दर वेळी कोड बदलणारा आहे का, हे विचारून घ्या. कायम एकच कोड पाठवणाऱ्या रिमोटची नक्कल सहज होते. २०१५ मध्ये सॅमी कामकार या अमेरिकी संशोधकाने मुलांच्या एका खेळण्यात फेरफार करून असे दरवाजे काही सेकंदांत उघडून दाखवले होते.

कॅमेऱ्यावर फार विसंबू नका. इथल्या धुक्यात त्याचाच इन्फ्रारेड प्रकाश उलटून येतो आणि चित्र पांढरं पडतं. दिवा कॅमेऱ्यापासून दूर, बाजूला लावला तर थोडं तरी दिसतं.

चोरी झालीच, तर काही हलवण्याआधी ११२ ला फोन करा आणि खटका, झाकण, चाकांच्या खुणा यांचे फोटो काढा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. बॅटऱ्यांचे क्रमांक आणि बिलं फोनमध्ये आधीच ठेवा.

आणखी एक. इकडे बागा हंगामापुरत्या ठेकेदाराला दिल्या जातात आणि रिमोट त्याच्या माणसांच्या हातांत फिरतो. दसहरी आंबा उतरून झाला की रिसीव्हरची मेमरी पुसून घरचेच रिमोट नव्याने जोडून घ्या.