दप्तरातील आकडे व गावची शाळा

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे देहावसान ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच शहरी १९२७ साली स्थापन झाले. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड त्यांच्या परिश्रमाने प्रसिद्ध झाले. त्यांपैकी पहिला खंड १८९८ सालचा. ही हकीगत खानदेशातील शिक्षकांस नव्याने सांगावयास नको. परंतु त्या कार्याचे मर्म कशात होते हे आजच्या एका व्यवहारी प्रश्नाच्या संदर्भात पुन्हा पाहण्याजोगे आहे. कागद पूर्वीही होतेच. ते वाड्यांतून, माळ्यांवरून, पेट्यांतून बांधलेले पडले होते. धन्यास ते आपले खाजगी धन वाटे. परक्याने पाहिले तर त्यातून काय निघेल कोण जाणे, ही धास्तीही असे. राजवाड्यांनी आपला निष्कर्ष तेवढा सांगून लोकांनी त्यावर विश्वास ठेवावा, असे म्हटले नाही. मूळ कागदच छापून त्यांनी कोणाही अभ्यासकापुढे ठेवले. परिणामी त्यांच्या स्वतःच्या मतांवर टीका करणेही इतरांस शक्य झाले, आणि ती झालीही.

आज गावोगावच्या दप्तरांची अवस्था त्या पेट्यांहून फार निराळी आहे असे म्हणता येत नाही. ग्रामपंचायतीकडे करवसुली, पाणीपुरवठा, दिवाबत्ती व विकासनिधी यांचे हिशेब असतात. शाळेकडे पटसंख्या, हजेरी, पोषण आहार आणि वर्गखोल्या यांच्या नोंदी असतात. हे आकडे गावाच्या पैशाने व गावाच्या कामासाठीच जमविलेले असतात. तरीही ते पाहू इच्छिणाऱ्या ग्रामस्थास पुष्कळदा "अर्ज करा" असे उत्तर मिळते.

वस्तुतः कायद्याची अपेक्षा याच्या उलट आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा अर्जापुरता कायदा आहे असा समज सर्वत्र पसरलेला आढळतो. त्यातील चौथे कलम मात्र अर्जाची वाट न पाहता माहिती देण्याविषयी आहे. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने १७ बाबींची माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावी व ती वेळोवेळी अद्ययावत करावी असे त्यात सांगितले आहे. अंदाजपत्रक, खर्च व अनुदानाचे लाभार्थी यांचाही त्या बाबींत समावेश होतो. लोकांना अर्ज करण्याची गरजच कमीत कमी पडावी, हा हेतु त्या कलमात शब्दांनी नमूद आहे. ती माहिती स्थानिक भाषेत असावी, हेही तेथेच सांगितले आहे. सबब, एखाद्या कार्यालयात अर्जांची रास पडली असेल तर तेथील लोक भांडखोर आहेत असे अनुमान काढण्यापूर्वी चौथ्या कलमाचे पालन झाले आहे की नाही, हे पाहणे न्याय्य ठरेल.

या कायद्यामागे मोठी लोकचळवळ होती. राजस्थानातील मजूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनवाई भरविली. सरकारी कामांच्या नोंदी तेथे गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखविण्यात आल्या. कागदावरील मजुरी आणि प्रत्यक्ष हातात पडलेली मजुरी यांचा मेळ बसत नाही, हे अक्षरशत्रू माणसांनीही ऐकताक्षणीच ओळखले. महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, २००२ साली, आपला माहिती अधिकाराचा कायदा केला.

आर्थिक बाजूनेही आता काही बंधन आलेले आहे. २०२१ ते २०२६ या कालावधीसाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांच्या अनुदानास, हिशेब व लेखापरीक्षित ताळेबंद सर्वांस पाहता येतील असे ऑनलाइन प्रसिद्ध करण्याची अट घातली. ग्रामपंचायतींचे विकास आराखडे व खर्च यांसाठी केंद्र शासनाने २४ एप्रिल २०२० रोजी ई-ग्रामस्वराज हे संकेतस्थळ सुरू केले. याचा अर्थ असा की, गावाचा आराखडा दिल्लीत बसलेल्या मनुष्यास दिसू शकतो. गावातील पारावर मात्र त्याची वार्ता नसते. ही दरी बुजविण्याच्या कामी शिक्षकाइतका उपयोगी मनुष्य गावात दुसरा क्वचितच असेल.

शाळेचेच उदाहरण प्रथम

दुसऱ्याच्या दप्तराकडे बोट दाखविण्यापूर्वी शिक्षकाने स्वतःचे दप्तर उघडणे इष्ट. प्रत्येक शाळेस अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे व पुढचे दोन जिल्ह्याचे. महाराष्ट्राचे २७, त्यानंतर धुळ्याचे ०२ व जळगावचे ०३. या क्रमांकाखाली शाळेची इमारत, शौचालये, पाणी, वीज, शिक्षक व पट यांची माहिती दरवर्षी भरली जाते, आणि शाळेचे प्रगतिपत्रक म्हणून ती कोणासही पाहता येते. किती गावांत पालकांनी हे पत्रक पाहिले आहे? ज्या शाळेचे शौचालय पाण्याअभावी बंद आहे, तिच्या पत्रकात ते वापरात असल्याची नोंद असेल, तर ती चूक जिल्ह्याच्या कार्यालयातून दिसणार नाही. शाळेत येणाऱ्या मुलीच्या आईला ती एका क्षणात दिसेल. आणि ज्या नोंदीत उणीव दिसत नाही, त्या उणिवेसाठी निधीही येत नाही. कागदावर चालू असलेल्या शौचालयाची दुरुस्ती कोण करणार?

पटाच्या बाबतीत तर प्रश्न अधिक नाजूक आहे. शिक्षकांची पदे पटावर अवलंबून असतात, हे येथे विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर जी विशेष पटपडताळणी झाली, तिची आठवण जुन्या शिक्षकांस असेलच. काही ठिकाणच्या बनावट पटामुळे प्रामाणिक शाळांनाही संशयाच्या छायेत उभे राहावे लागले. प्रत्येक इयत्तेचा पट व त्या दिवसाची हजेरी शाळेच्या दर्शनी फळ्यावर रोज लिहिली जात असेल, आणि येणारे-जाणारे ती वाचीत असतील, तर अशा शाळेची पडताळणी गावच रोज करीत असते.

यावर शिक्षकांचा एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. आधीच माहिती भरण्याचा भार असह्य झाला आहे; एकच आकडा केंद्रास, गटास, जिल्ह्यास, पुन्हा निराळ्या नमुन्यात आणि पुन्हा भ्रमणध्वनीवरून तातडीने द्यावा लागतो; त्यात हे नवे काम कशासाठी? परंतु या दुखण्याचे मूळ माहिती बंदिस्त असण्यातच आहे. मागणाऱ्या प्रत्येकास ती निरनिराळी पुरवावी लागते, कारण ती सर्वांस दिसेल अशा एका ठिकाणी नीट ठेवलेली नसते. एकदा भरलेली माहिती सर्व कार्यालयांनी तेथूनच घ्यावी, अशी मागणी शिक्षकांनी अवश्य करावी. खुल्या माहितीच्या पुरस्कारात ती मागणी अंतर्भूतच आहे.

खुली माहिती म्हणजे कोणती?

भिंतीवर कागद चिकटविला म्हणजे माहिती खुली झाली असे नव्हे. हिशेबाच्या पानाचे छायाचित्र काढून संकेतस्थळावर टाकले तर ते डोळ्यांना दिसते, पण त्यातील रकमांची बेरीज यंत्र करू शकत नाही. बेरजेसाठी प्रत्येक आकडा पुन्हा हाताने उतरावा लागतो. तोच हिशेब रकाने असलेल्या तक्त्याच्या स्वरूपात दिला, तर सातवीतील मुलगाही दहा गावांची तुलना संगणकावर थोड्या वेळात करील. ज्यास अशी माहिती हवी त्याला ती विनामूल्य मिळावी, कारण विचारले जाऊ नये, आणि ती पुन्हा वापरण्यास व इतरांस देण्यास मोकळीक असावी. केंद्र शासनाने २०१२ साली माहितीच्या देवाणघेवाणीचे राष्ट्रीय धोरण ठरविले व त्यासाठी संकेतस्थळ उघडले. आपल्या राज्यात पुणे महानगरपालिकेने खुल्या माहितीचे स्वतंत्र संकेतस्थळ काढून या बाबतीत पाऊल उचलले. महानगरपालिकेजवळ साधने असतात हे मान्य केले, तरी रकाने आखण्याची शिस्त लहान ग्रामपंचायतीसही जमण्यासारखी आहे.

आकड्यावर किती अवलंबून असते, हे रावेर व यावल तालुक्यांतील केळीच्या बागाईतदारास विचारावे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात थंडीची वा उष्णतेची भरपाई बाग पाहून ठरत नाही. महसूल मंडळासाठी नेमलेल्या हवामान केंद्रावर किती तापमान नोंदले गेले, त्यावरून ती ठरते. बाग करपलेली आहे आणि केंद्राचा आकडा मर्यादेच्या आत आहे, तर शेतकऱ्याच्या हाती काही येत नाही. अशा वेळी तो आकडा रोजच्या रोज सर्वांस दिसत असेल, केंद्र कोठे आहे हे ठाऊक असेल, तर वेळीच हरकत घेता येते. हंगाम संपल्यावर एकदम कळलेल्या आकड्याशी भांडणे व्यर्थ होय.

वर्गातील पाठ

सहावीच्या नागरिकशास्त्रात स्थानिक शासन आहे व गणितात स्तंभालेख आहे. या दोहोंची सांगड पावसाच्या नोंदींनी उत्तम घालता येते. सरळ भिंतीचे, सपाट तळाचे एक पारदर्शक भांडे घेऊन त्यावर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी आणि ते झाड व छप्पर यांपासून दूर, मोकळ्या जागी पक्के बसवावे. नोंद रोज सकाळी साडेआठ वाजता घ्यावी. भारतीय हवामानशास्त्र विभागाचा पर्जन्यदिवस त्या वेळेस संपतो. त्यामुळे काल दुपारी पडलेला पाऊस आजच्या तारखेस नोंदला जातो. मुलांस हे प्रथम चमत्कारिक वाटेल, पण कोणताही आकडा वाचण्यापूर्वी तो कसा घेतला हे विचारावे लागते, ही गोष्ट त्यांना येथे अनायासे समजते.

आपल्या महसूल मंडळाचा दैनिक पाऊस कृषी विभागाच्या महारेन या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतो. शिक्षकाने तो शेजारच्या रकान्यात उतरवावा व दोन्हींचा जोडस्तंभालेख मुलांकडून काढून घ्यावा. दोन आकडे जुळणार नाहीत. का जुळत नाहीत, ही चर्चाच या पाठाचा गाभा आहे. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. शाळेचे छप्पर १०० चौरस मीटर असेल तर २० मिलिमीटरच्या एका सरीत २,००० लिटर पाणी त्यावरून वाहून जाते. हे गणित तापी, गिरणा व पांझरेच्या काठच्या मुलांपेक्षा टँकरची वाट पाहणाऱ्या गावच्या मुलांना लवकर उमजेल.

पुढच्या तासास मुलांनी ग्रामपंचायतीत जाऊन पिण्याच्या पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष व पाणीपुरवठ्याचा वर्षाचा खर्च मागावा. भेट आधी ठरवावी. सरपंच व ग्रामसेवक यांची फजिती करण्याचा हा प्रसंग नव्हे. मिळालेली माहिती मुलांनी सुवाच्य तक्त्यात लिहून पंचायतीच्या फळ्यासाठी परत द्यावी. मदत म्हणून दिलेला तक्ता कोणीही फेटाळीत नाही. पालक सभासद असलेल्या शाळा व्यवस्थापन समितीने हाच तक्ता दर तीन महिन्यांनी लावण्याचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे ठेवावा, म्हणजे तो शिक्षकाच्या बदलीबरोबर बंद पडणार नाही. जेथे घरी अहिराणी, पावरी वा भिली बोलली जाते, तेथे तक्त्याचा अर्थ त्या बोलीत सांगणारा एखादा विद्यार्थी सभेत असावा.

एका बाबतीत मात्र कसूर होता कामा नये. गावाची माहिती खुली करावयाची, मुलांची नव्हे. विद्यार्थ्याचे नाव, आधार क्रमांक, जात, आजार, अपंगत्व, पालकांचे उत्पन्न किंवा छायाचित्र यांपैकी काहीही फळ्यावर अथवा पालकांच्या भ्रमणध्वनी-समूहावर जाऊ नये. बालकांच्या वैयक्तिक माहितीस २०२३ च्या कायद्याने विशेष संरक्षण दिले आहे. नाव गाळले म्हणजे काम झाले, असेही समजू नये. तिसरीत बारा मुले असून त्यांत एकच मूल दिव्यांग असेल, तर "इयत्ता तिसरी, दिव्यांग १" एवढ्या नोंदीनेच सारा गाव त्याला ओळखतो. असा आकडा संपूर्ण शाळेच्या बेरजेत घालावा, आणि तेथेही तो एकच राहत असेल तर फळ्यावर लिहूच नये.

पावसाची वही वर्षअखेर पुढच्या वर्गाच्या स्वाधीन करावी. पहिल्या पानावर भांडे कोठे बसविले होते, नोंद कोणत्या वेळी घेतली आणि कोणत्या दिवशी नोंद राहून गेली, हे लिहिलेले असावे. राहून गेलेल्या दिवसासमोर शून्य न लिहिता जागा कोरी सोडावी.