कळफलकावर चहा सांडला तर

मुलांनो, मुंबईत चहा कोठे मिळत नाही? गिरगावातल्या चाळींखाली मिळतो, दादर स्थानकाबाहेर मिळतो, परळच्या रुग्णालयांसमोर मिळतो. दुकानात बसलेल्या माणसाला तर 'कटिंग' जागेवर आणून देतात. कटिंग म्हणजे अर्धा प्याला चहा. प्याला लहान, चहा काठोकाठ आणि टेबलावर जागा कमी. त्याच टेबलावर आता संगणकही असतो. मग एखाद्या दिवशी कोपराचा धक्का लागतो आणि चहा सरळ कळफलकावर जातो.

कळफलक म्हणजे संगणकाची अक्षरांची पाटी. तिच्यावरच्या कळा दाबल्या, की पडद्यावर अक्षरे उमटतात. बोलताना आपण सगळे तिला कीबोर्डच म्हणतो.

गिरगावातल्या खाडिलकर रोडवर लग्नपत्रिकांची दुकाने आहेत. समजा, अशा एका दुकानात एक काका मराठी आणि उर्दू अशा दोन्ही पत्रिकांचा मजकूर तयार करतात. लग्नसराईचे दिवस आहेत. संध्याकाळपर्यंत मजकूर छापायला द्यायचा आहे. तेवढ्यात चहा सांडला. काकांनी रुमालाने वरवर पुसले आणि काम चालू ठेवले. थोड्या वेळाने इंग्रजी 'ई' या अक्षराची कळ अडकली.

एकच तर कळ, असे तुम्हांला वाटेल. पण पाहा काय होते. भारतीय भाषांसाठी इनस्क्रिप्ट नावाची अक्षरांची सरकारी मांडणी आहे. तिच्यात याच कळेवर काना असतो आणि शिफ्टसह तीच कळ दाबली, की 'आ' उमटतो. कळ बंद पडली, की 'विवाह' चा 'विवह' होतो, 'काका' चे 'कक' होते आणि 'आमंत्रण' चे नुसते 'मंत्रण' उरते. उर्दूच्या उच्चारानुसार केलेल्या मांडणीत त्याच कळेवर ऐन असतो. 'दावत' हा शब्द ऐनशिवाय कसा लिहिणार? एका कळेने दोन्ही घरच्या पत्रिका अडल्या!

असे का होते, हे कळण्यासाठी कळफलकाच्या आत डोकावू. साध्या कळफलकात प्रत्येक कळेखाली रबराची एक लहान टोपी असते. टोप्यांच्या खाली प्लॅस्टिकचे तीन पातळ पडदे एकावर एक ठेवलेले असतात. वरच्या आणि खालच्या पडद्यावर विजेच्या बारीक वाटा छापलेल्या असतात. मधल्या पडद्याला भोके असतात. कळ दाबली, की टोपी दबते, वरचा पडदा भोकातून खालच्या पडद्याला टेकतो, वीज वाहते आणि संगणकाला अक्षर समजते. बोट उचलले, की टोपी फुगते आणि पडदे वेगळे होतात.

चहा या पडद्यांमध्ये शिरला, की दोन प्रकारची खोडी करतो. चहातल्या पाण्यात आणि दुधात क्षार असतात, त्यांतून वीज वाहते. त्यामुळे कळ न दाबताही अक्षरे उमटतात किंवा एकाच्या जागी तीन उमटतात. साखरेतून वीज वाहत नाही, पण तिचा त्रास नंतर सुरू होतो. पाणी उडून जाते, साखर तेथेच राहते आणि गोंदासारखी चिकटते. दूध नासते, त्याचा वास येतो. साखरेच्या मागोमाग मुंग्या येतात, त्या वेगळ्याच! म्हणून साध्या पाण्यापेक्षा चहा वाईट आणि चहापेक्षा सरबत वाईट. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी गुलाबाच्या सरबताचा पेला संगणकापासून दूर ठेवा, हे वेगळे सांगायला नकोच.

जुन्या टंकलेखन यंत्राची गोष्ट वेगळी होती. १८९७ साली अर्देशीर गोदरेज यांनी आपल्या लालबागमध्येच कुलुपांचा कारखाना सुरू केला. पुढे याच गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतात टंकलेखन यंत्र तयार केले. त्या यंत्रात प्रत्येक कळेला लोखंडी दांडा जोडलेला असे. दांडा वर उचलला जाई आणि कागदावर ठोका देई. त्यावर चहा सांडला, तर दांडे पुसायचे, तेल द्यायचे आणि पुन्हा ठोकायला बसायचे. ते यंत्र जड होते, आवाजही फार करी. पण हाताने चालणाऱ्या यंत्रात वीजच नसल्यामुळे ओलाव्याला भिण्याचे कारण नव्हते. गंज तेवढा चढू द्यायचा नाही.

आता कामाचे बोलू. चहा सांडल्यावर पहिली धाव फडक्याकडे नको, तारेकडे हवी. कळफलकाची तार संगणकातून ओढून काढा. कळफलकात फक्त पाच व्होल्टची वीज असते, तिचा माणसाला धक्का बसत नाही. पण वीज आणि ओलावा एकत्र आले, की आतल्या बारीक वाटा झिजतात. तार काढल्यावर कळफलक लगेच पालथा करा आणि जुन्या टॉवेलवर ठेवा. झटकू नका. झटकल्याने चहा कोरड्या भागातही जातो. शाळेच्या संगणक कक्षात असे झाले, तर लगेच शिक्षकांना सांगा. अर्ध्या तासानंतर सांगितलेल्या खऱ्या गोष्टीचा कळफलकाला काही उपयोग नसतो.

चहा निथळला, की साफ करायचे. ('साफ' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे आणि पुढे येणारा 'दुरुस्ती' हासुद्धा!) आधी मोबाइलवर कळफलकाचे छायाचित्र काढून ठेवा, नाहीतर कोणती कळ कोठे होती, हे आठवत नाही. कळा हलक्या हाताने वर उचलल्या, की निघतात. मात्र शिफ्ट, एंटर आणि सर्वांत लांब कळ यांच्याखाली बहुधा तारेचा आकडा असतो. त्या कळा मोठ्या माणसांनाच काढू द्या. निघालेल्या कळा साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. मागचे स्क्रू काढले, की ते तीन पडदेही हाती येतात. एखादा स्क्रू कागदी चिठ्ठीखाली लपलेला असतो, तोही शोधा. पडदे ओल्या मऊ कापडाने पुसा. शेवटचे पाणी शुद्ध असले तर चांगले. मोटारीच्या बॅटरीत घालायचे पाणी गॅरेजजवळच्या दुकानांत मिळते, ते चालते. साध्या पाण्यातले क्षार वाळल्यावर मागे राहतात, तसे याचे होत नाही.

मग सर्व सुटे भाग सावलीत, पंख्याखाली वाळू द्या. कडक उन्हात किंवा केस वाळवण्याच्या यंत्राच्या गरम हवेत प्लॅस्टिक वाकडे होते. मे महिन्यात दोन दिवस पुरतात. जुलैच्या मुंबईत दोरीवरचे कपडेही वाळत नाहीत. तेव्हा तीन-चार दिवस थांबा. काहीजण भिजलेली वस्तू तांदळात ठेवायला सांगतात. तांदूळ बिर्याणीसाठी ठेवा. त्याची पूड आणि बारीक कण उलट आत शिरतात. २०२४ साली अ‍ॅपल कंपनीनेही आपले भिजलेले फोन तांदळात ठेवू नका, असे सांगितले.

काकांना मात्र चार दिवस थांबता येणार नाही. त्यांनी शेजारच्या दुकानातून दुसरा कळफलक मागून आणावा आणि पत्रिका पूर्ण कराव्यात. साधा कळफलक काहीशे रुपयांत नवाही मिळतो.

लॅपटॉपचे असे नाही. तेथे कळफलकाच्या खालीच संगणकाचे सगळे काळीज असते आणि विजेरीही असते. आधी कोरड्या हाताने भिंतीवरचे बटण बंद करा आणि चार्जर काढा. मग चालू-बंदचे बटण पडदा काळा होईपर्यंत दाबून धरा. 'आधी काम साठवतो' म्हणत बसू नका. तेवढ्या वेळात चहा खाली उतरतो. विजेरी निघत असेल, तर काढा. लॅपटॉप उघडाच ठेवून तंबूसारखा पालथा उभा करा. त्याच्या कळा घरी उपटू नका, त्यांचे नाजूक आकडे तुटतात.

आणि चालू करून पाहण्याचा मोह आवरा. येथेच बहुतेकजण फसतात. लॅपटॉप चालू होतो, सगळे खूश होतात. आत मात्र तांब्याच्या वाटांवर हिरवट-पांढरा थर चढत असतो. आठवड्याने तो अचानक बंद पडतो. म्हणून तो तसाच दुरुस्तीला न्या. मुंबई सेंट्रल आणि ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, अशी पुष्कळ दुकाने आहेत. दुकानात गेल्यावर असे बोला :

"दादा, यावर दूध-साखरेचा चहा सांडला आहे. सांडल्यावर आम्ही तो चालू केलेला नाही."

या दोन वाक्यांनी कारागिराचे अर्धे काम होते. तो लॅपटॉप उघडतो आणि आतली पाटी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशने घासतो. हे द्रव्य पाण्याला बरोबर घेऊन लवकर उडून जाते. पण ते चटकन पेट घेते. घरात ते वापरायचे असेल, तर मोठी माणसे जवळ हवीत, खिडकी उघडी हवी आणि शेगडी दूर हवी.

करून पाहा : भंगारवाल्याकडून किंवा दुरुस्तीच्या दुकानातून बंद पडलेला एक कळफलक मागून आणा. त्याला तार जोडलेली असेल, तर ती कोठेही लावू नका. स्क्रू काढून तिन्ही पडदे वेगळे करा आणि उजेडासमोर धरा. काना असलेल्या कळेची जागा शोधा. तेथून निघालेली विजेची वाट बोटाने धरून शेवटपर्यंत जा. वाटेत आणखी कोणकोणत्या कळा लागतात, त्यांची अक्षरे मराठीत आणि उर्दूत वहीत लिहा. आता सांगा, चहाच्या एका थेंबाने ही वाट तुटली, तर कोणकोणती अक्षरे एकदम बंद पडतील?