जमीन ज्याला ठाऊक, त्याला विचारा



उत्पत्तीच्या पुस्तकात (२:१५) देव मनुष्याला बागेत ठेवतो ते दोन कामांसाठी: मशागत आणि राखण. मशागत आपण मनापासून करतो. राखण मात्र सरकारची, वनखात्याची, असे धरून चालतो. आज या दुसऱ्या कामाचा धडा पाहू. तो आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातला आहे.

फादर हरमन बाखर हे मूळचे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू. १९४८ साली ते भारतात आले. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील सोशल सेंटरमधून त्यांनी दुष्काळी गावांत काम केले. लोक त्यांना बाखर बाबा म्हणत. १९९३ साली फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटर’ ही पाणलोट विकासाची संस्था उभी केली.

त्यांच्या कामाची पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे. आराखडा कचेरीत बसून होत नसे. तंत्रज्ञ प्रत्येक शेतात जाई आणि सोबत त्या शेताचे मालक, नवरा-बायको दोघेही असत. पावसात पाणी कोठून शिरते, बांध कोठे फुटतो, मुरूम किती हातांवर लागतो, हे शेतकऱ्याला ठाऊक. चारा आणि सरपण कोठे मिळते, विहीर कोणत्या महिन्यात तळ गाठते, हे त्याच्या बायकोला जास्त ठाऊक. मग माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांध, झाडे. गावाचे श्रमदान त्यात असायचेच.

संगमनेर तालुक्यातील दरेवाडीत १९९६ साली काम सुरू झाले. उन्हाळ्यात टँकर, शेतीत काम जेमतेम तीन-चार महिने, अशी गावाची स्थिती होती. डोंगर सावरायचा तर चराईबंदी हवी. पण ज्याचे पोट मेंढरांवर, त्याने काय करावे? त्यांनी विरोध केला, आणि माझ्या मते तो रास्तच होता. मार्ग निघाला तो ग्रामसभेत: सगळा डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने राखायचा. गवत वाढले, विहिरींना पाणी आले, टँकर थांबला आणि शेतीतले काम नऊ-दहा महिने मिळू लागले. वरून हुकूम आला असता तर रात्री मेंढरे शिरलीच असती!

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात (क्र. १४६) मूळ निवासी समाजांविषयी हेच सांगितले आहे. त्यांच्या जमिनीवर मोठा प्रकल्प येतो तेव्हा बोलणीत मुख्य स्थान त्यांचेच असावे. आपल्या देशातही २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे स्थानिक संस्थेने जैवविविधता समिती नेमायची असते आणि लोकांना विचारून गावातल्या झाडापाल्याची, पशुपक्ष्यांची व त्यांच्या उपयोगांची नोंदवही करायची असते. ती ग्रामपंचायतीत मागून पाहता येते.

समूहात चर्चेसाठी: शिवना नदीकाठची आणि आपल्या बांधांवरची कोणती झाडे, गवते तुमच्या आजीला नावाने ठाऊक होती? त्यांतली आज किती उरली? आपल्या धर्मग्रामात शेळ्या-मेंढ्या राखणारे कोण आहेत, आणि गावच्या नोंदवहीसाठी त्यांना कोणी विचारले आहे का?