मालवाहतुकीचा धूर : 'हवा प्रदूषण' आणि 'हरितगृह वायू' या संज्ञांचा नेमका वापर

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपल्याला
• वरील दोन संज्ञांमधील भेद सांगता येईल;
• सातारा-सांगली परिसरातील मालवाहतुकीच्या आधारे तो स्पष्ट करता येईल;
• उपाय सुचवणारे माहितीपर लेखन नेमक्या शब्दांत करता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, गळीत हंगामात कराड, वाळवा किंवा पलूस तालुक्यातून जाताना उसाने लादलेल्या ट्रॉल्यांमागे आपण कधी ना कधी अडकला असाल. ट्रॅक्टर चढाला लागला की काळा धूर सोडतो आणि आपण म्हणतो, 'किती हे प्रदूषण!' बोलण्यापुरता हा शब्द पुरेसा आहे. माहितीपर लेखनात मात्र तो अपुरा ठरतो, कारण त्याखाली दोन वेगळे अपाय झाकले जातात. अपाय वेगळे असतील, तर प्रत्येक उपाय कोणत्या अपायावर लागू पडतो, हे तपासावे लागते.

दोन संज्ञा, दोन अपाय

डिझेल जळताना काजळीचे सूक्ष्म कण आणि नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. हे कण श्वासावाटे फुफ्फुसांत खोलवर जातात. त्यांचा सर्वाधिक त्रास जवळच्यांना होतो : चालकाला, रस्त्याकडेच्या वस्तीला, शाळेतील मुलांना. हे झाले हवा प्रदूषण. असे कण काही दिवसांत किंवा आठवड्यांत खाली बसतात, पावसाने धुतलेही जातात.

त्याच धुरात कार्बन डायऑक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. ढोबळी मिरची किंवा जरबेरा घेणाऱ्या शेतकऱ्याला हरितगृह परिचित असते : ऊन आत येते, पण उष्णता सहजी बाहेर पडत नाही. हा वायू पृथ्वीभोवती काहीसे असेच काम करतो, म्हणून त्याला हरितगृह वायू म्हणतात. त्याचा मोठा हिस्सा वातावरणात शतकानुशतके टिकतो. तो कराडात सुटला काय किंवा कोलकात्यात, परिणाम साऱ्या जगावर होतो.

एक लिटर डिझेलचे वजन सुमारे 830 ग्रॅम. त्यापासून मात्र सुमारे 2.6 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ही चूक नव्हे. डिझेलमधील कार्बनला हवेतील ऑक्सिजन येऊन मिळतो, म्हणून वजन वाढते.

उपायांची पारख

1 एप्रिल 2020 पासून नव्या मालमोटारींना 'भारत स्टेज सहा' ही मानके लागू झाली. त्यांसाठीच्या डिझेलमधील गंधक दशलक्ष भागांत 50 वरून 10 भागांवर आले. काजळी अडवणारी गाळणी आणि चालक ज्याला 'युरिया' म्हणतात ते द्रावण यांमुळे विषारी धूर बराच घटतो. परंतु लिटरमागे निघणारा कार्बन डायऑक्साइड जवळजवळ तेवढाच राहतो. शिवाय ट्रॅक्टरसाठीची मानके निराळी व तुलनेने शिथिल आहेत.

दोन्ही अपाय एकदम कमी करायचे, तर जळणारे लिटरच कमी झाले पाहिजेत. शंभर किलो उसातून साधारण दहा ते बारा किलो साखर मिळते. वाहून नेलेले उरलेले वजन मुख्यतः पाणी आणि चिपाडाचे असते. म्हणून फडाजवळचा कारखाना महत्त्वाचा. समजा, कारखाना 30 किलोमीटरवर आहे, येताना ट्रॉली रिकामी आहे आणि सरासरी एका लिटरला तीन किलोमीटर पडतात. एका खेपेस 20 लिटर डिझेल आणि सुमारे 52 किलो कार्बन डायऑक्साइड! तोच ऊस 15 किलोमीटरवर गाळला, तर दोन्ही आकडे निम्मे होतात. तोडणी-वाहतुकीचा खर्च ऊसबिलातून वजा होतो आणि तो सामान्यतः कारखान्याच्या सरासरीने धरला जातो. म्हणजे लांबून आणलेल्या उसाचा भार जवळच्या शेतकऱ्यावरही पडतो. येथे पर्यावरणाचे हित आणि शेतकऱ्याचे हित एकच आहे.

सांगलीची हळद किंवा तासगावचा बेदाणा दूरच्या बाजारात जातो. तेथे रेल्वेचा विचार करता येतो. लोखंडी रुळांवर घर्षण कमी असल्याने टनामागे इंधन बरेच कमी लागते. 1910 मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, त्यामागे रेल्वेची सोय हे महत्त्वाचे कारण होते. अर्थात, स्थानकापर्यंत मालमोटार लागतेच. थोड्या अंतरासाठी आणि तोडल्यावर लवकर गाळाव्या लागणाऱ्या उसासाठी रेल्वे सोयीची नाही.

सारांश

काजळी दिसते, म्हणून तिच्याविषयी बोलले जाते; कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, म्हणून तो बोलण्यातून सुटतो. स्वच्छ इंजिन मुख्यतः पहिल्या अपायावर उतारा आहे. कमी अंतर, कमी रिकाम्या फेऱ्या आणि लांबच्या मालासाठी रेल्वे हे दोन्हींवर. कोणताही उपाय मांडताना 'यामुळे नेमके काय घटते?' हा प्रश्न लेखकाने स्वतःला विचारलाच पाहिजे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

1. 'नव्या इंजिनामुळे प्रदूषण थांबेल' हे विधान अधिक नेमक्या शब्दांत लिहा.
2. आपल्या गावातून बाहेर जाणाऱ्या एका मालाचे अंतर, वाहन व परतीची फेरी यांची माहिती घेऊन 150 शब्दांचे टिपण तयार करा.