चाक चढलं म्हणजे बसलं असं नाही

जुन्या गाडीचं इंजिन बिघडलं तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. चाक चुकीचं असलं तर ती उभी राहत नाही, पळत राहते, आणि धोका त्यातच आहे. आमच्या यवतमाळ भागात हल्ली पुष्कळ तरुण घरातली झाकून ठेवलेली फियाट बाहेर काढतात. तिला रंग देतात, सीटकव्हर शिवतात, आणि सगळ्यात आधी हात सैल सोडतात तो चाकांवर. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

माझ्याकडे प्रीमियर ११८ एनई आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं ती १९८५ साली बाजारात आणली. अंगानं फियाट १२४ आणि पोटात निस्सानचं ११७१ सीसीचं ए-१२ इंजिन. नावातली एन आणि ई ही अक्षरं त्या निस्सान इंजिनाचीच. फियाट १२४ ही युरोपात १९६७ची ‘कार ऑफ द इयर’ ठरली होती. तिचाच सांगाडा आखूड करून १२४ स्पोर्ट स्पायडर ही दोन दारांची उघडी गाडी निघाली, पिनिनफारिनानं घडवलेली. जुन्या स्पोर्ट्स कारचे शौकीन आजही तिच्यावर जीव टाकतात. चाकापुरतं बोलायचं तर इटलीतली स्पायडर आणि यवतमाळजवळच्या लोहाऱ्यातली माझी गाडी यांचं गोत्र एकच: चार बोल्ट, ९८ मिलिमीटरचं वर्तुळ, १३ इंची रिम.

मी गाडी घेतली तेव्हा तिला आधीच्या मालकानं बसवून घेतलेले १५ इंची अलॉय होते, त्यावर १९५/५५ आर १५ टायर. दिसायला देखणी. नागपूरच्या रस्त्यावर सत्तरच्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरायचं. बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झाली. थरथर चार दिवस कमी व्हायची आणि परत यायची. पुढे डाव्या मागच्या चाकातून टकटक ऐकू यायला लागली. लोहारा एमआयडीसीत ओळखीचे एक टर्नर आहेत. त्यांनी गाडी जॅकवर घेतली आणि पाना लावण्याआधी बोल्टला नुसती बोटं लावली. दोन बोल्ट हातानं फिरले. चाक उतरवलं तर एक भोक लांबट झालेलं, आणि बाकीच्या भोकांच्या कडेला एकाच बाजूला चंद्रकोरीसारखी चकाकी. बोल्टचा निमुळता भाग तेवढ्याच कडेवर टेकत होता. उरलेली बाजू रंगासकट कोरी होती.

टर्नरभाऊंनी व्हर्निअर लावला. रिम १०० मिलिमीटरचं, हब ९८चं.

बोल्टच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. आपल्या बाजारात चार बोल्टच्या गाड्यांत १०० मिलिमीटरची चलती आहे: स्विफ्ट, सॅन्ट्रो, जुनी होंडा सिटी. बाहेरून विकत मिळणाऱ्या अलॉयला पुष्कळदा आठ भोकं असतात, चार १००ची आणि चार ११४.३ची. फियाटच्या ९८ची त्यात नसतात. दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं, “दोन मिलीनं काय फरक पडते भाऊ? कसलं की बसते.” खरोखर कसलं जातं, म्हणूनच माणूस फसतो. प्रत्येक भोक आपल्या जागेपासून एक मिलिमीटर बाहेर असतं. पहिला बोल्ट चाक आपल्याकडे ओढून घेतो, उरलेले तिरके दाबले जातात. पाना घट्ट लागतो, कारण घर्षण भरपूर आहे. पण तो जोर रिमला हबवर दाबण्यात जात नाही, बोल्ट वाकवण्यात जातो. चाकाच्या फेऱ्यागणिक बोल्टवर ताण येतो आणि सुटतो, तो हळूहळू ढिला होतो, नाहीतर मानेपाशी तुटतो.

पीसीडी मोजताना शेजारच्या दोन भोकांतलं अंतर धरू नका. तिथे ९८ आणि १०० यांच्यात जेमतेम १.४ मिलिमीटरचा फरक दिसतो, साध्या टेपला तो कळतही नाही. समोरासमोरची भोकं घ्या. एकाची बाहेरची कड ते दुसऱ्याची आतली कड, हे अंतर म्हणजेच पीसीडी. व्हर्निअर नसेल तर एमआयडीसीतल्या कुठल्याही लेथवाल्याकडे जा, त्याला पाच मिनिटांचं काम आहे. ९८च्या हबवर १००चं रिम बसवण्यासाठी सरकत्या कॉलरचे खास बोल्ट मिळतात. चांगल्या बनावटीचे असतील तर ते दोन मिलिमीटरची चूक सांभाळून घेतात. तरीही ज्या गाडीत माझी माणसं बसतात तिला मी ते लावणार नाही.

दुसरं माप रिमच्या मधल्या भोकाचं. हबच्या मध्यावर जो गोल उंचवटा असतो, त्यावर रिम नेमकं बसलं तरच चाक मध्यात राहतं. फियाटचा हा उंचवटा ५८ मिलिमीटरच्या आसपास आहे. स्विफ्टच्या मूळ रिमचं भोक ५४.१, म्हणजे ते चढणारच नाही. कोणी लेथवर भोक वाढवून देतो म्हणाला तर नको म्हणा. बाहेरच्या अलॉयचं भोक उलट फार मोठं, ७३ मिलिमीटरपर्यंत असतं, सगळ्या गाड्यांना चालावं म्हणून. मग मधली फट भरायला बरोबर मापाची रिंग लागते. माझ्या गाडीला ती नव्हती. वारंवार बॅलन्सिंग करूनही थरथर का जात नव्हती, त्याचं उत्तर इथे होतं: बॅलन्सिंगच्या मशिनवर चाक मध्यात धरलेलं असायचं, गाडीवर नसायचं.

तिसरं माप ऑफसेटचं, आणि ते विचारणारा ग्राहक मी क्वचितच पाहिला आहे. रिम हबला जिथे टेकतं ती जागा रिमच्या मधल्या रेषेपासून किती बाहेर आहे, तो आकडा म्हणजे ऑफसेट. रिमवर तो ईटी म्हणून कोरलेला असतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांना कमी ऑफसेट लागतो, आजच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना बराच जास्त. आजचं रिम जुन्या गाडीला लावलं की चाक आत सरकतं आणि शॉकअपला, ब्रेकच्या होजला घासतं. मग लोक मध्ये स्पेसरची चकती घालतात आणि बोल्ट तेवढाच ठेवतात. आटे कमी धरले जातात आणि धोका दुप्पट होतो.

बोल्टचं पाहताना फियाटची रीत लक्षात ठेवा. हिला स्टड आणि नट नाहीत, बोल्ट थेट हबमध्ये जातो. अलॉय लोखंडी रिमपेक्षा जाड, म्हणून त्याला लांब बोल्ट हवा. १२ मिलिमीटरचा, १.२५ पीचचा (पीच म्हणजे दोन आट्यांतलं अंतर) बोल्ट हातानं निदान आठ पूर्ण फेरे आत गेला पाहिजे. १.५ पीचचा बोल्टही दिसायला अगदी तसाच असतो. तो दोन फेऱ्यांत अडला तर जोर लावू नका, हबचे आटे जातील. आणि डिकीतली स्टेपनी मूळ लोखंडी असेल तर तिच्यासाठी मूळ आखूड बोल्टांचा संच बरोबर ठेवा. अलॉयचे लांब बोल्ट लोखंडी रिममधून फार आत जातात आणि ब्रेक ड्रमच्या आतल्या भागांना लागतात. रात्री दारव्हा रोडवर पंक्चर काढताना हे आठवणार नाही, म्हणून बोल्टांची पिशवी स्टेपनीलाच बांधून टाका.

आता टायर. इथे थोडं गणित करावंच लागतं. फियाट १२४च्या घराण्याचं १५५/८० आर १३ हे माप घेऊ. १५५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ८० म्हणजे उंची रुंदीच्या ८० टक्के, १३ हा रिमचा इंचातला व्यास. उंची १२४, दोन्ही बाजूंची २४८, त्यात १३ इंचांचे ३३० मिळवले की चाक ५७८ मिलिमीटरचं होतं. नवं माप कुठलंही घ्या, बेरीज या आकड्याच्या दोन-तीन टक्क्यांत यायला हवी. १७५/७० आर १३ येतं ५७५. १४ इंची रिमवर १८५/६० येतं जवळपास ५७८, अगदी चपखल. १५ इंचीवर १९५/५० येतं ५७६. माझ्या गाडीवर आलेलं १९५/५५ मात्र ५९५च्या पुढे जातं. काटा शंभर दाखवतो तेव्हा गाडी १०३नं पळत असते, आणि वळणावर टायर मडगार्डला लागतो. उलट टोक इंडिकाच्या १६५/६५ आर १३चं. “१३ला १३ बसते” म्हणून तो टायर गळ्यात मारला जातो. तो आहे ५४५ मिलिमीटरचा, जवळजवळ सहा टक्क्यांनी लहान. गाडी खाली बसते आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला पोट घासते.

मला विचाराल तर १३ किंवा फार तर १४. बावन्न-एक अश्वशक्तीचं इंजिन आणि पॉवर स्टिअरिंगचा पत्ता नाही, अशा गाडीला रुंद, जड चाकं लावून ती स्पोर्टी होत नाही. पार्किंगमध्ये हात भरून येतात आणि उचल मंदावते. स्पायडरसुद्धा कारखान्यातून निघाली ती १६५ रुंदीच्या १३ इंची टायरवर.

मडगार्डमधली फट आपल्याकडे विशेष सांभाळावी लागते. पावसाळ्यात शेतरस्त्यावरची काळी माती टायरला चिकटते आणि मडगार्डच्या आत थरावर थर बसतो. कोरड्या रस्त्यावर बोटभर वाटणारी जागा त्या चिखलात संपते आणि चाक अडतं. म्हणून नवी चाकं तपासताना गाडीत पाच माणसं बसवा, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा, तसंच स्पीडब्रेकरवरून हळू न्या. मग खाली वाकून टायरच्या खांद्यावर घासल्याची खूण पाहा.

प्रीमियर पद्मिनीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. तिचं चाक १४ इंची, जुनं माप ५.२०-१४, बायस प्लायचं. रेडियल घ्यायचे तर चारही घ्या, आणि स्टेपनीही. एकाच एक्सलवर एक बायस आणि एक रेडियल असेल तर ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढते.

जुन्या मापाचे टायर दुकानात वर्षानुवर्षं पडून असतात. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २२१९ म्हणजे २०१९चा बाविसावा आठवडा. यवतमाळचा मे महिना ४५ अंशांना पोचतो, त्यात टिनाच्या शेडखाली रबर नक्षी न झिजताच कडक होतं आणि तडे पकडतं. कायद्यानं कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी, पण तारीख पाहायला कायदा येत नाही. ती आपणच पाहायची.

माझी गाडी आता १३ इंची लोखंडी रिमवर चालते. ती मिळवायला फार फिरावं लागलं, कारण अलॉय घातले की मूळ रिम भंगारात किलोवर जातात. ज्यांच्या घरी ११८ एनई किंवा पद्मिनी आहे त्यांना एवढीच विनंती: अलॉय हौसेनं लावा, पण मूळ रिम, बोल्ट आणि व्हीलकॅप विकू नका. ग्रीस लावून, पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा.